आधी पऱ्या (म्हणजे ओढा), मग पुस्तक: कोकणातल्या शाळेत इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्र कसं शिकवायचं

नवीन लागलेले गुरुजी-बाई जूनमध्ये हमखास विचारतात, इतिहास-भूगोलाला साहित्य काय वापरता? गणिताची पेटी येते, इंग्रजीची येते, विज्ञानाची पण येते, ह्या विषयाच्या वाट्याला मात्र एक पृथ्वीगोल (आमच्याकडच्यावर सोव्हिएत रशिया अजून शाबूत आहे) आणि बुरशी धरलेले चार नकाशे. मी देवगड तालुक्यात खाडीकाठच्या शाळेत पाचवी ते सातवीला हे विषय घेतो, पट तीसच्या आसपास, त्यामुळे बऱ्याच वेळा तिन्ही वर्ग एकत्रच बसतात. खाली लिहिलंय ते सगळं करून बघितलेलं आहे, काही फसलंय पण, ते पण सांगतो.

आधी कपाट. नकाशे पावसाळ्यात कुजतात हे घाटावरच्या माणसाला सांगून पटत नाही. तीन इंची पीव्हीसी पाइपाचा तुकडा घ्या, प्लंबरकडे उरलेला असतोच, नकाशा गुंडाळून आत घाला, कापराच्या दोन वड्या टाका आणि दोन्ही तोंडं बंद करा. पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपमध्ये उघडतात, पण शाळेत रेंज नसेल तर बाजारात गेलात की डाउनलोड करून आणा, वर्गात गोल गोल फिरणारं चक्र बघत बसू नका. व्हिडिओबद्दल मला एवढंच म्हणायचंय.

त्याच्यापेक्षा कामाच्या दोन गोष्टी. एक, सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर १:५०,००० प्रमाणाचे नकाशे मिळतात, आपल्या गावाचा ए-थ्री प्रिंट काढा. दोन सेंटीमीटर म्हणजे एक किलोमीटर. पोरांच्या हातात दोरा द्या आणि खाडी मोजायला सांगा, वाकडी खाडी पट्टीने मोजता येत नाही हे त्यांचं त्यांनाच कळतं. दुसरं, जुनं इंग्रजी गॅझेटिअर, रत्नागिरी-सावंतवाडीचं १८८० चं आणि कुलाबा-जंजिऱ्याचं (म्हणजे आजच्या रायगडचं) १८८३ चं, दोन्ही नेटवर आहेत. सिंधुदुर्ग जिल्हाच मुळात १ मे १९८१ ला झाला, म्हणून देवगड-मालवणवाल्यांनी रत्नागिरीच्या खंडात शोधायचं. आपल्या जवळच्या बंदरावरचा एखादा परिच्छेद मराठी करून फळ्यावर लिहिला तरी तास निघतो, कारण मुलं लगेच भांडायला लागतात की असं काही नाहीय आमच्या बंदरात, आणि आपल्याला तेच हवं असतं.

टाचण पावसाप्रमाणे लावा

पुस्तकात धडे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने घेतले पाहिजेत असं काही नाही. जून ते सप्टेंबर पाऊस, पाणी, शेती आणि घरात बसून करायच्या मुलाखती. गणपतीत चाकरमानी येतात तेव्हा स्थलांतर. दिवाळीनंतर सडा (म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार) आणि किल्ले. मार्च-एप्रिलला परत पाणी. केंद्रप्रमुखांना सुरुवातीलाच दाखवून ठेवा की सगळे घटक वर्षभरात येतायत, फक्त पुढे-मागे, म्हणजे भेटीच्या वेळी प्रश्न येत नाही.

पावसापासून सुरू करा कारण ते साहित्य सरकारकडे न मागता येतं. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा. बाटलीचं बूड खडबडीत असतं म्हणून थोडं पाणी भरून सपाट भाग सुरू होतो तिथे शून्याची खूण करा आणि तिथून वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, हवामान खातं पण साडेआठलाच मोजतं. पहिल्या वर्षी आम्ही बाटली ठेवली ती नेमकी पागोळ्यांखाली, आणि दुसऱ्या दिवशी ती ओसंडून वाहत होती. पोरं खूश, मी पण अर्धा मिनिट खूश, मग सातवीतल्या एका मुलीने विचारलं की सर हा पाऊस आभाळातला की कौलावरचा? तेव्हापासून बाटली मैदानाच्या मध्यात.

आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो हे पुस्तकी वाक्य मुलांच्या डोक्यावरून जातं. वर्गाच्या भिंतीवर खडूने तीन मीटरची पट्टी काढा आणि सगळ्यात उंच पोराला शेजारी उभं करा. पावसाचं पाणी वाहून गेलं नसतं तर हा बुडाला असता आणि ह्याच्या डोक्यावर दुसरा उभा केला असता तरी तो पण बुडाला असता, हे बघितल्यावर आकडा विसरत नाहीत. मग छपराचं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शाळेचं छप्पर दहा बाय आठ मीटर धरलं तर ८० चौरस मीटर, गुणिले ३०००, म्हणजे २ लाख ४० हजार लिटर, दहा हजार लिटरचे चोवीस टँकर. एका शाळेच्या छपरावरून! आणि मे महिन्यात काही वाड्यांवर टँकरच येतो. इथे वर्ग गप्प होतो, आणि प्रश्न आपण विचारायच्या आधी तेच विचारतात.

उत्तर लगेच सांगू नका. पऱ्यावर न्या. ऑक्टोबरपासून दर पंधरा दिवसांनी एकाच जागी जायचं, पाणी घोट्याला आहे का, वाहतंय का, कधी थांबलं, कधी आटलं, तारखा वहीत. वाडीतल्या बावींचा (विहिरींचा) नकाशा करायचा, कुठली कधी तळाला जाते. जांभ्या दगडाचा तुकडा बादलीत टाकून त्याची भोकं बघायची. मार्चपर्यंत मुलं स्वतःच म्हणतात की उतार लय आहे, दगड पाणी धरत नाही, आणि सह्याद्रीपासून समुद्र एवढा जवळ की नदी तासाभरात खाडीत. तेव्हा पुस्तक उघडा. तो धडा मग वीस मिनिटात होतो. नोव्हेंबरात सिमेंटच्या रिकाम्या गोणी भरून वनराई बंधारा घातला तर पुढच्या वर्षीच्या मुलांना तुलनेला तारखा मिळतात.

आता ह्या बावींच्या नकाशात एक गोष्ट सांभाळून. एखादं मूल सांगतं, आजी म्हणते ह्या बावीवर आधी आमका येव देत नसत. सांगितलं तर विषय टाळू नका, पण कोणाची जात विचारायची नाही, कोणाच्या घराकडे बोट दाखवायचं नाही. मी तिथून थेट महाडला जातो, २० मार्च १९२७, चवदार तळं, आणि बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव आपल्याच कोकणात, रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात आहे हे पण सांगतो. पाण्यावरून सत्याग्रह का करावा लागला हे ज्या मुलांनी बावी मोजल्यात त्यांना वेगळं समजवावं लागत नाही.

भरती-ओहोटी, म्हणजे वर्गातला सगळ्यात गप्प पोरगा तज्ज्ञ होतो तो तास

खाडीवरच्या घरातलं पोरगं भूगोलाच्या पेपरात नापास आणि भरतीची वेळ मात्र तोंडपाठ, हे आपल्याकडे नेहमीचं. त्यालाच फळ्याकडे बोलवा. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, मग वद्य पक्षात परत एकपासून. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, महिनाभराचा तक्ता करून टाका. मग जेटीजवळ उथळ जागी खुणा केलेला बांबू रोवा आणि सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने खरी वेळ लिहायला सांगा (मोठं माणूस सोबत पाहिजे, ही अट पालकांना लेखी).

वेळ जुळत नाही. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतेच. एकदा माझ्या वर्गात रडारड झाली की आजोबा खोटं कसं सांगतील. खोटं नाही, पाऊणपट म्हणजे दर तिथीला ४५ मिनिटं, पुस्तकात दिलंय की भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, शिवाय अख्ख्या किनाऱ्यावर भरती एकाच वेळी येत नाही, मुंबईचा हिशोब देवगडला तसाच लागणार नाही. आजोबांचं सूत्र जाळं टाकायला पुरेसं होतं, रॉकेट सोडायला नव्हतं. हे समजलं की उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द पाठ करावे लागत नाहीत, ते घरात असतातच, फक्त अमावास्या-पौर्णिमा आणि अष्टमी हे त्यांना जोडून द्यायचं.

११२२

हा आकडा फळ्यावर लिहा, दुसरं काही लिहू नका. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, राज्यात सगळ्यात जास्त. सिंधुदुर्गात १०३६. राज्याची सरासरी ९२९. का असेल? पहिलं उत्तर येतं की आमच्याकडे मुली जास्त जन्मतात, पुस्तकातलं 'लिंग गुणोत्तर चांगले' वाचून आपण पण तेच समजतो. मग प्रत्येकाला घरातली माणसं मोजायला सांगा, त्यातली गावात किती, बाहेर किती, कुठे, कशाला. आमच्या तीस घरांतून महाराष्ट्राच्या नकाशावर बाण काढले तर सगळे बाण लालबाग, विरार, नालासोपारा, डोंबिवलीकडे, दोन-चार गोव्याकडे, आणि त्यात बहुतेक काका-मामा-दादा. कोणी काही न सांगता मागून आवाज आला, "सर, पुरुष थय मुंबैक मोजले!"

त्याच्या पुढचा आकडा: रत्नागिरीची लोकसंख्या २००१ ला १६ लाख ९६ हजार होती, २०११ ला १६ लाख १५ हजार झाली. सिंधुदुर्गाची पण घटली. देशाची वाढत असताना आपली कमी. शाळेचा पट का पडतोय हे पण ह्याच तासात निघतं, आणि मला वाटतं मुलांना ते कळायला हवं, त्यांच्याच शाळेचा प्रश्न आहे. आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळहून माणसं येतात, त्यांची मुलं आपल्या वर्गात मधेच दाखल होतात, बाणांच्या नकाशात त्यांचा बाण उलटा येतो. तो पण काढा, त्या मुलालाच काढू द्या.

गणपतीच्या सुट्टीत मुलाखती. ह्यात एकच चूक सगळे करतात, "पूर्वी कसं होतं?" असं विचारतात, मग आजी म्हणते "बरां होतां" आणि मुलाखत संपली. नेमकं विचारायचं. पहिल्यांदा मुंबईला गेलात तेव्हा वय किती, बोटीने की एसटीने, तिकीट किती, सोबत काय नेलं, पहिल्या रात्री झोपलात कुठे, मनिऑर्डर किती यायची, १९८२ च्या गिरणी संपात घरात काय झालं, कोकण रेल्वेने पहिल्यांदा कधी आलात. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारून, आणि जे सांगायचं नाही ते सोडून द्यायचं. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर जानेवारी १९९८ ला सुरू झाली, पण एका आजोबांनी शपथेवर सांगितलं की ते १९९० ला रेल्वेने कणकवलीत उतरले. वर्गात दोन गट पडले. शेवटी त्यांच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवरून साल सुटलं. रामदास बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, रायगडच्या बाजूच्या शाळांना तिच्या आठवणी अजून घराघरांत ऐकायला मिळतात, तिथे हाच प्रयोग होतो, घरात सांगतात ती गोष्ट एकीकडे, नोंद दुसरीकडे.

ह्याच्यासाठी आम्ही एक वही ठेवलीय, पानाला मधे रेघ, डावीकडे "काय सांगितलं", उजवीकडे "कशावरून". उजवी बाजू रिकामी राहिली तरी चालते, पण रिकामी आहे हे दिसलं पाहिजे. वर्षभर तीच वही.

विजयदुर्गाचा हेलियम

ही वही खरी कामाला येते ती किल्ल्यावर. विजयदुर्गावर साहेबाचे ओटे म्हणून जागा दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकयर साहेबाने (इंग्रज खगोलशास्त्रज्ञ) इथून हेलियम शोधला असं सांगतात, १८ ऑगस्टला तिथे कार्यक्रम पण होतो. मी पण कित्येक वर्षं छाती फुगवून हेच सांगत होतो. नोंदी बघितल्या तर त्या दिवशी फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन गुंटूरला होता, ग्रहणात सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट त्याने तिथून पाहिला, आणि लॉकयर इंग्लंडमध्ये होता. त्याने ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, तसं निरीक्षण केलं आणि त्या वर्णपटातली पिवळी रेघ ओळखीच्या कुठल्याच मूलद्रव्याची नाही असं पुढे मांडलं. हेलियम पृथ्वीवर सापडला तो १८९५ ला, रॅमसेला.

आता हे वर्गात कसं घ्यायचं? "गावकरी खोटं बोलतात" असा सूर लागला तर तास वाया गेला, गावात आपली पत पण जाते. मी डाव्या रकान्यात गोष्ट लिहून घेतो, उजव्यात गुंटूर आणि इंग्लंड, आणि मग विचारतो, की ओट्यांबद्दल पक्कं सांगायचं तर कुठला कागद सापडायला हवा? मुलं यादी करतात, त्या वर्षीचं वर्तमानपत्र, जहाजाची नोंद, साहेबाचं पत्र, ओट्यावरचा काही लेख. सहावीच्या मुलांनी केलेली ही यादी इतिहासाची साधने ह्या धड्याचाच स्वाध्याय आहे, भौतिक, लिखित, मौखिक, सगळी साधनं त्यात येतात.

मालवणवाल्यांनी सिंधुदुर्गावर वेगळा प्रश्न घ्यावा, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव गोड कशा? बावींचा नकाशा केलेली पोरं इथे उड्या मारतात. आणि हो, २०२५ ला मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले त्यात विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी हे चार आपल्या समुद्रातले-किनाऱ्यावरचे आहेत आणि रायगड डोंगरातला. बाराच्या बारा नावं पाठ करून घेऊ नका कृपया.

कातळशिल्पं राजापूर-रत्नागिरीकडच्यांच्या दारात आहेत, बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे, आणि इकडे कुडोपी. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की उभं राहून दिसतच नाही. एकशिंगी गेंडा कोरलेला दिसतो, आज कोकणात गेंडा कुठाय? एवढा एक प्रश्न दिला तरी पुरे. पोरांना शिल्पावर चालू देऊ नका, खडूने रेषा भरू देऊ नका, दोऱ्याने चौकट आखून वहीवर प्रमाणात चित्र काढायला लावा.

नागरिकशास्त्र

अभिरूप संसद मला जमत नाही, पोरं टीव्हीवरचं भांडण करतात. त्याऐवजी समुद्र कोणाचा हा प्रश्न घ्या. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, मासेमारीचे नियम राज्याचे, त्याच्या बाहेर केंद्राचे. मासेमारी राज्यसूचीत आहे आणि प्रादेशिक समुद्राबाहेरची मासेमारी संघसूचीत. राज्यसूची-संघसूची हे एवढं जिवंत दुसरीकडे कुठे सापडणार. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी का, ती कोण घालतं, मोडली तर कोण पकडतं, एलईडी दिवे लावून किंवा मोठ्या पर्ससीन जाळ्यांनी मासे धरणाऱ्यांशी भांडण कशावरून, हे सगळं मुलांना घरून माहीत असतं. वर्गात दोन्ही बाजूंची मुलं बसलेली असतात हे लक्षात ठेवा, आपण बाजू घ्यायची नाही. रापण (सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावर ओढायचं मोठं जाळं) बघायला मिळाली तर चुकवू नका, वाटे कसे पाडतात ते लिहून आणायला सांगा, सहकार म्हणजे काय ह्याची व्याख्या मग मुलंच करतात.

सातबारा पण वर्गात आणा, मात्र गावातल्या कोणाचा नको. वाटण्यांचे दावे चाललेले असतात, पोरगं घरी जाऊन काहीतरी बोलतं आणि संध्याकाळी माणसं शाळेत. माझ्या आधीच्या एका शाळेत हे घडलंय, मी दोन आठवडे वाडीत तोंड लपवून फिरत होतो. नावं बदलून नमुना तयार करा, सात म्हणजे जमीन कोणाची, बारा म्हणजे पीक काय, कूळ (म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा) कुठल्या रकान्यात. तिथून १९४८ चा कूळ कायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन (कसणाऱ्या कुळांना मालक मानलं तो दिवस), १९४९ चा खोती (खोतांकडून गावचा सारा वसूल करायची पद्धत) निर्मूलनाचा कायदा, आणि त्याच्या आधीचा अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप, १९३३ ते १९३९, सहा वर्षं जमीन कसली नाही त्या लोकांनी. सहा वर्षं खायचं काय, हा प्रश्न मुलं विचारतातच.

पालक विचारतात, ह्याचे मार्क कुठे? आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रम असतातच, "कशावरून" वही तिथे दाखवा. लेखी परीक्षेसाठी फेब्रुवारीत त्याच वहीतून 'कारणे लिहा' आणि 'टीपा लिहा' करून घ्या. नकाशा भरायचा सराव मात्र वेगळा करावा लागतो, तो आपोआप येत नाही, मी दर शनिवारी एक कोरा नकाशा देतो.

क्षेत्रभेटीचं शेवटी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, पालकांची संमती, प्रथमोपचार पेटी, दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न, पाच दिले की मुलं फलक उतरवून काढतात. सड्यावर सावली नसते, दहाच्या आत परत. सिंधुदुर्गाच्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. आणि त्या दिवशीची भरतीची वेळ पाऊणपटीने काढू नका, बंदरावर फोन करून विचारा.